'किल बिल' ही प्रेमकथा कुठल्या अंगानं?

पडदानशीन
'किल बिल'च्या पहिल्या भागात रक्ताच्या चिळकांड्या, तलवारी आणि तुटलेले हात. तरी बरेच जाणकार त्याला प्रेमकथा म्हणतात. नेमके कोणते प्रसंग बघायचे? आणि दुसरा भाग बघायलाच हवा का?

कात्री
हवाच. मुळात दहा प्रकरणांचा एकच चित्रपट आहे. दिग्दर्शक टॅरँटिनोचा हा सूडपट पाच-पाच प्रकरणं करून २००३ आणि २००४ मध्ये आला. पहिल्या भागात बिलचा, म्हणजे मारेकऱ्यांच्या टोळीच्या म्होरक्याचा, चेहराच दिसत नाही, फक्त आवाज आणि हात. तेवढ्यावर मत बनवणं म्हणजे नुसती तर्री पिऊन मिसळ कशी होती ते सांगणं.

सुरुवात पुन्हा बघा, आणि मूळ इंग्रजी आवाजातच. कृष्णधवल चित्र, नायिकेचा रक्ताळलेला चेहरा. ती बिलच्याच टोळीतली, एकेकाळची त्याची प्रेयसी. बिल स्वतःचं नाव भरलेल्या रुमालानं तो पुसतो आणि म्हणतो, यात क्रौर्य नाही, हा मी स्वतःचाच छळ करतोय. बोलताना तिला 'किडो' म्हणतो. ऐकताना लाडाची हाक वाटते; ते तिचं आडनाव आहे हे दुसऱ्या भागात कळतं, कारण पहिल्या भागात तिचं नाव आलं की वर बीप वाजते. बाळ तुझंच आहे, एवढं ती सांगते न सांगते तोच गोळी. त्यावर नॅन्सी सिनात्राचं 'बँग बँग'. प्रियकराच्या गोळीचं गाणं. सगळी कथा या दोनेक मिनिटांत सांगून झालेली असते.

मग दवाखाना. टोळीतलीच एल विषाची सुई घेऊन कोमातल्या तिच्या उशाशी पोचते आणि बिल फोनवरून तिला थांबवतो: झोपेत मारणं आपल्याला शोभणार नाही.

तिसरी घंटा
शेवटचं प्रकरण सावकाश बघा. लोक हाणामारीची वाट बघत बसतात आणि कंटाळतात, कारण इथे आहे ते भांडण. संसारातलं. बिल त्या दोघांच्या मुलीसाठी सँडविच करतो, मोठ्या सुरीनं पावाच्या कडा कापतो. नायिका मेली असं समजून त्यानं पूर्वी शोक केला होता, मारेकऱ्यांच्या मागावर निघाला, आणि सापडली तर ही गरोदर, दुसऱ्याशी लग्नाच्या तयारीत! त्यावर आपण जरा अतिरेक केला, एवढीच त्याची कबुली.

आता मारामारीचं माप बघा. टोकियोच्या रेस्टॉरंटमध्ये माणसांची रास पडते, आणि इथे दोघं खुर्चीवर बसल्याबसल्याच काही सेकंदांत संपतं. त्याची तलवार ती आपल्या म्यानात अडकवते आणि पाच बोटांचा घाव घालते; तो बसला की पाच पावलांनंतर हृदय फुटतं. त्यांचा गुरू पाई मेई, त्यानं ही विद्या बिललाही दिली नव्हती. तो कपडे नीट करतो, कसा दिसतोय विचारतो, पाच पावलं चालतो, पडतो. ती रडते.

उलटतपासणी
प्रेमकथा कबूल, पण बिलची नव्हे. लग्नाच्या तालमीला जमलेलं अख्खं चॅपल गोळ्या घालून रिकामं करणं हा मालकीहक्क झाला. बासरी वाजवत येतो आणि ती नवऱ्यामुलाला त्याची ओळख वडील म्हणून करून देते, यातच त्या नात्यातला सत्तेचा तोल दिसतो. गरोदरपणाची चाचणी झाल्याबरोबर ती बंदूक रोखून उभ्या मारेकरीणीला विनवते, तो प्रसंग बघा. खरं प्रेम तिथे सुरू होतं आणि मुलीपाशी संपतं.

कात्री
म्हणूनच एक सावधगिरी. पहिल्या भागाचं शेवटचं वाक्य मुलगी जिवंत असल्याचं फोडतं. दोन्ही भाग जोडलेल्या सलग आवृत्तीत ते वाक्य नाही. मिळाली तर तीच बघा, म्हणजे दारामागे मुलगी दिसल्यावर नायिकेइतकेच तुम्हीही दचकाल.