टेबलावरचं जुनं फ्रेंच घड्याळ: ब्राँझ की दुसरंच काही? (शहापूर, बेळगाव)

शहापूरकर८२:
मंडळी, घरच्या वाटणीत आजोबांचं फ्रेंच घड्याळ माझ्याकडं आलंय. दीड फूट उंच, वर पुस्तक वाचत बसलेली बाई, सगळं सोनेरी, तबकडी पांढऱ्या मिन्याची. मागच्या पत्र्यावर गोल शिक्का: 'जापी फ्रेर', 1855. एकजण बघून गेला; नेपोलियनच्या काळातलं भरीव ब्राँझ म्हणतोय आणि लगेच विकत मागालाय. आई म्हणते, आधी पितांबरीनं घासून काढ. शिवाय तीन वाजता सात ठोके पडतात. काय करू?

खानापूरचा_घड्याळजी:
पहिलं काम, आईंना थांबवा. पितांबरी, चिंच, ब्रासो काहीही नको. वरचा सोन्याचा थर अगदी पातळ असतो, घासला की गेला. मऊ कोरड्या ब्रशानं धूळ झाडायची, बस.

आता नेपोलियन. तो 1821 ला वारला. तुमच्या शिक्क्यातलं 1855 हे पॅरिसच्या प्रदर्शनात जापी कंपनीला पदक मिळालं ते साल. घड्याळ बनवल्याचं नव्हे. म्हणजे यंत्र त्यानंतरचंच. तुमचा गिऱ्हाईक एक तर अडाणी, नाही तर फार शहाणा.

अशा घड्याळांत जापीचं बहुधा आतलं यंत्रच असायचं. बाहेरची मूर्ती ओतणारे वेगळे, त्यामुळं शिक्क्यावरून धातू कळत नाही. जुन्या भारी कामात सोनं पाऱ्यात कालवून ब्राँझवर लावायचे आणि तापवून पारा उडवून टाकायचे. त्या धुरानं कारागिरांचे हाल व्हायचे. 1840 नंतर विजेचा मुलामा आला, काम स्वस्त झालं, आणि ब्राँझऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचे पुतळेही ढिगानं निघाले. वरून दोन्ही सारखेच सोनेरी. लोहचुंबक लावून बघू नका, दोन्हींना चिकटत नाही. घड्याळ आडवं करून तळाला, दिसणार नाही अशा जागी सुईनं बारीक ओरखडा काढा. पिवळं दिसलं तर ब्राँझ किंवा पितळ, करडं-पांढरं दिसलं तर जस्त. पण आडवं करायच्या आधी लंबक काढायचाच! आणि उचलताना बाईला धरू नका, खालून चौथऱ्याला दोन्ही हात लावा.

सात ठोक्यांचं घाबरू नका. मागं खाचांचं चाक दिसतं का? ते काट्यांकडं बघत नाही, मागच्या वेळेपुढचे ठोके मोजत जातं. कुणीतरी ठोके पूर्ण होऊ न देता काटा पुढं ढकललाय. चाकाच्या खाचेत बसणारी तार हळूच उचला, ते पुढचे ठोके देईल. तीनवर येईपर्यंत हेच. काटा उलटा मात्र फिरवू नका.

निपाणीकर:
दोन्ही बाजूंचे मेणबत्तीदान कुठं गेले? असे संच तिघांचे असायचे. दुसऱ्या भावाच्या वाटणीत गेले असतील, बघा की. जोडी जमली तर किंमत वेगळीच. आणि काचेचा घुमट असला तर जपा, तसा आता सहज मिळत नाही.

शहापूरकर८२:
ठोके जमले! तारेची गंमत भारी आहे. मेणबत्तीदान काकांकडं निघाले, काकू त्यात उदबत्त्या लावालेत. ओरखडा काढला, करडं निघालं. म्हणजे फुकट का? आणि बाईचं एक बोट तुटलंय, ते गल्लीतल्या वेल्डरकडून जोडून घेऊ का?

खानापूरचा_घड्याळजी:
फुकट कसलं? यंत्र जापीचंच आहे, ते दीडशे वर्षं चालतंय. भरीव ब्राँझच्या भावानं कुणी मागितलं तर मात्र हसून घ्या.

वेल्डरकडं अजिबात नको. जस्त 419 अंशाला वितळतं, ज्योत लागली की बोटाबरोबर बाईचा हातही जाईल. इपॉक्सीनं चिकटवा, तेही बोट सापडलं असेल तर.

तबकडीत बाराच्या वर चौकोनी भोक असेल तर घड्याळाचा वेग तिथूनच कमी-जास्त होतो, बारीक चावी लागते. 'ए' आणि 'आर' लिहिलं असेल तर 'ए'कडं वळवलं की पुढं धावतं. एका वेळी थोडंसंच फिरवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. तो माणूस परत आला तर सांगा, काकांशी बोलून घेतो म्हणून.