फ्लॅट विकायचाय, हॉल अंधारा दिसतो. दिवे कोणते लावू?

प्रश्न: पुण्यात जुना २ बीएचके विकायला काढलाय. हॉल १०×१५ फूट, खिडकी एकच, चोकवाली जुनी ट्यूब. फोटोत सगळं करडं दिसतं. पीओपी न करता काय करता येईल?

प्रतिसाद १: १५० चौरस फुटांना साधारण ३,००० लुमेन (दिव्यातून मिळणारा एकूण उजेड) धरा. २० वॉटची एलईडी बॅटन (भिंतीवर थेट बसणारा पट्टीसारखा दिवा) सुमारे २,००० देते, म्हणून समोरासमोरच्या भिंतींवर दोन लावा; एकच लावली तर कोपरे काळे राहतात. वॉट नको, खोक्यावरचे लुमेन वाचा. उजेडाचा रंग ४००० केल्विन, म्हणजे ना पिवळा ना निळसर; आकडा कमी तितका पिवळा. हॉलमध्ये पिवळा आणि पॅसेजमध्ये ६५०० चा निळसर पांढरा असेल तर भिंतीचा रंगच वेगळा वाटतो. सीआरआय (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ८० च्या वर हवा, नाहीतर लाकूड मळकट दिसतं.

प्रतिसाद २: जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब घालणार असाल तर आधी एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला मुख्य खटका) बंद करून टेस्टरने तपासा. बऱ्याच ट्यूबना चोक आणि स्टार्टर काढून थेट फेज-न्यूट्रल द्यावे लागतात, काहींना एकाच टोकाला. ट्यूबसोबत आलेली आकृती बघा. चोक तसाच ठेवला तर ट्यूब लुकलुकते किंवा तिच्या आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) जळतो. जमत नसेल तर वायरमन बोलवा.

प्रतिसाद ३: त्याआधी खिडकीची डासांची जाळी धुवा. फुकटचा उजेड तिथेच अडतो! ओट्यावर कपाटाखाली एलईडी पट्टी लावा, पुढच्या कडेला; मागे लावली तर टाइल्सवर चकाकी येते.

प्रश्नकर्ता: बेडरूमलाही ४००० च?

प्रतिसाद १: हो. विकेपर्यंत तरी.