मदत हवी आहे: देवबागात त्सुनामी आली तर पाहुण्यांना न्यायचं कुठे?

माडाखाली:
मंडळी, मालवणजवळ देवबागला आमचं होमस्टे आहे. गाव पाहिलेल्यांना कल्पना असेल: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. बाहेर पडायला तारकर्लीवरून मालवणला जाणारा एकच रस्ता. परवा जेवताना पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं, "त्सुनामी आली तर पळायचं कुठे?" सासरे म्हणाले, "हय उधाणाचाच पाणी येता, सुनामी खंयची!" सगळे हसले, पण मला काही ते पटलं नाही.

खोल्यांमध्ये एक फलक लावावा म्हणते. भिववणारा नको, कामाचा हवा. 2004 च्या सुमात्राकडच्या त्सुनामीत आपल्याकडे काही झालं नाही, म्हणजे कोकण सुरक्षित समजायचं का? अमावास्येच्या ओहोटीला पाणी लांब हटलं की कुणीतरी हमखास व्हॉट्सॲपवर "समुद्र मागे गेला" फिरवतं. मग खरा धोका ओळखायचा कसा? आणि आमच्याकडे ना डोंगर ना सडा (कातळाचं पठार). होडीने खाडीपलीकडे जावं का?

दगडधोंडे:
ताई, सुरक्षित म्हणता येणार नाही. आपल्याला सुमात्रापेक्षा मकरानची भीती जास्त. पाकिस्तान-इराणच्या या मकरान किनाऱ्यासमोर अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली सरकतो. मधेच अडकतो, ताण साठत जातो आणि सुटला की समुद्रतळ झटक्यात वर उचलला जातो. त्यासोबत वरचं सगळं पाणी उचललं जातं आणि चहूकडे पसरू लागतं, तीच त्सुनामी. तळ नुसता आडवा सरकला तर एवढं पाणी हलत नाही. म्हणून एप्रिल 2012 मध्ये सुमात्राजवळ 8.6 चा भूकंप होऊनही मोठी लाट आली नाही.

मकरानला 28 नोव्हेंबर 1945 रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास 8.1 चा भूकंप झाला आणि सव्वाआठच्या आसपास पाणी मुंबईत शिरलं. लाट दोनेक मीटरचीच, तरी माणसं दगावली. पण म्हणून फलकावर "पाच तास मिळतात" असं लिहू नका. लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. 4000 मीटर खोलीवर ती ताशी 700 किमीने धावते, 50 मीटरवर जेमतेम 80 ने. मुंबईसमोरचा उथळ पट्टा फार रुंद आहे, तुमच्यासमोर तो बराच अरुंद. माझ्या ढोबळ हिशेबाने तुम्हाला तीन-साडेतीन तास मिळतील.

2004 ची लाट श्रीलंकेला वळसा घालून केरळात पोचली आणि कोल्लम जिल्ह्यातल्या आलप्पाडला शंभरावर माणसं गेली. आलप्पाड नकाशात बघाच. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी, मधे वाळूची पट्टी.

हर्णैकर तांडेल:
उधाणाचं पाणी पंचांग बघून येतं आणि सहा तासांत सावकाश चढतं-उतरतं. भांगाच्या दिवशी (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) किंवा ऐन भरतीच्या वेळी पाणी बघता बघता हटून खडपं उघडी पडली, तर तिथे मासे वेचत बसायचं नाही, सरळ पळायचं. मात्र दरवेळी पाणी आधी हटेलच असं नाही, कधी थेट चढतंच.

होडीचा विचार सोडा. खाडीच्या मुखातून पाणी जोराने आत घुसतं आणि तेवढ्याच जोराने बाहेर ओढतं. नांगरलेल्या होड्या सुटून घरांवर आदळतात. जो खोल समुद्रात आहे त्याने तिथेच राहावं, होडी वाचवायला किनाऱ्याकडे येऊ नये.

दगडधोंडे:
तांडेलदादांशी सहमत. सिनेमातली भिंतीसारखी लाट डोक्यातून काढा. साधी लाट काही सेकंदांत फुटून परतते, ही कित्येक मिनिटं आत येतच राहते. गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला पाडतं, त्यात वासे, पत्रे, गाड्या वाहत असतात. दोन लाटांत दहा मिनिटांपासून तासाभराचं अंतर असतं आणि पहिलीच सर्वांत मोठी असते असं नाही. पाणी ओसरलं म्हणून सामान बघायला खाली उतरलेले पुढच्या लाटेत सापडतात. हे फलकावर ठळक लिहा. विहिरी मात्र नंतर बराच काळ मचूळ राहतात, 2004 नंतर नागपट्टणमला तेच झालं.

मकरानचा धक्का तुम्हाला जाणवेलच असं नाही, तेव्हा भिस्त इशाऱ्यावर. 2007 पासून हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत त्यासाठी केंद्र चालतं. इशारा वेळेत मिळाला तर मालवणच्या उंच भागात जा, पण लवकर निघा, एकाच रस्त्यावर सगळं गाव येणार. वेळ नसेल तर पक्क्या आरसीसी इमारतीचा वरचा मजला. चिरेबंदी कौलारू घराचा माळा नको.

माडाखाली:
दोघांचेही आभार. जवळच एक दुमजली आरसीसी इमारत आहे, मालकांकडे गच्चीची दुसरी किल्ली मागते. आता प्रश्न रात्रीचा. खोल्यांत मोबाईलला रेंज नसते आणि वीज गेली की वायफायही जातं. मध्यरात्री इशारा आला तर गावभर कळवायचं कसं? देवळाच्या भोंग्याची किंवा घंटेची सोय कुणाच्या वाडीत केली असेल, तर ती जबाबदारी कुणाकडे असते तेवढं सांगा.