सांता फेमध्ये चांदी कुठं बघावी?

गुजरीकर: लेकीकडं अमेरिकेला निघालोय, सांता फेला मुक्काम आहे. चांदी बघितल्याशिवाय आमचा जीव राहत नाही. कुठं जावं?

हुपरीवाला: १६१०च्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सची ओसरी गाठा. मूळनिवासी कारागीर कापड अंथरून अंगठ्या, कडी मांडून बसतात. माल हाताचा, त्यावर करणाऱ्याची खूण. फिरोजा झकास, घडणावळ मात्र झेपली पाहिजे!

राजारामपुरी: कॅन्यन रोडच्या गॅलऱ्या नुसत्या बघायच्या, खिशात हात घालायचा नाही. लोरेटो चॅपलचा लाकडी गोल जिना चुकवू नका, मधे खांबच नाही. आणि शहर २,१०० मीटरच्या वर आहे, दमानं चाला.

गुजरीकर: बरं. जिना मंडळी बघतील, तोवर मी ओसरीत अंगठ्या उलट्या करून बघतो.