पडद्यावरचं लिव्हर हाताला लागतं का?

गावडॉक्टर

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फराळ आटोपल्यावर तिनं लॅपटॉप उघडून मला एक पेशंट दाखवला. पेशंट म्हणजे वेबसाइटवरचा. वय ४५, पोट दुखतंय, भूक मंदावलीय. आपण प्रश्न टाइप करायचे, तो उत्तरं देतो. "दारू घेता का?" असं विचारल्यावर "रोज दोन पेग" सांगून मोकळा झाला. २६ वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एवढा प्रामाणिक माणूस मला भेटलेला नाही. आमच्याकडे पेशंट "छे छे" म्हणतो आणि मागे उभी असलेली बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागते. खरी हिस्ट्री त्या कॅलेंडरकडे बघण्यात असते.

मग तिनं 'पोट तपासा' या बटणावर टिचकी मारली. ओळ उमटली, 'यकृत उजव्या बरगडीखाली दोन बोटे लागते.' तिनं तपासण्या मागवल्या, निदान केलं. शंभरपैकी ९२ गुण.

मी विचारलं, "तू स्वतः लिव्हर किती वेळा चाचपलंयस?"

"मामा, हात ठेवलाय. एकदा लागल्यासारखं वाटलं. एका पेशंटभोवती आम्ही पंधराजण असतो. चौथ्या-पाचव्याला पेशंट वैतागतो. पंधराव्याच्या वाट्याला काय येणार?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेशंटला गुडघे मुडपून झोपवायचं. आपले हात आधी चोळून गरम करायचे, कारण गार हात लागला की पोट फळीसारखं ताठ होतं. मग उजव्या बाजूला अगदी खालून सुरुवात करायची आणि "मोठा श्वास घ्या" म्हणायचं. श्वासाबरोबर लिव्हर खाली सरकतं आणि त्याची कड आपल्या बोटाला येऊन टेकते. आपण दाबत सुटायचं नसतं, त्याला येऊ द्यायचं असतं. हे मला नीट कळायला चाळीसेक पोटं लागली. वेबसाइटनं ती चाळीस पोटं एका ओळीत उरकली.

म्हणून माझं म्हणणं असं की ही साधनं निष्कर्ष आयता हातात देतात आणि तिथून पुढचा विचार शिकवतात. निम्मी डॉक्टरकी तो निष्कर्ष मिळवण्यातच असते. मतं मांडा. शिव्या घालायच्या असतील तर सभ्य घाला.

रात्रपाळी_इंटर्न

सभ्य शिव्या घालतो, सर.

तुम्हाला चाळीस पोटं मिळाली कारण तेव्हा ती मिळत होती. आज जागा वाढल्या, खाटा तेवढ्याच. आम्हाला शिकवणारे सर सकाळी शंभरेक पेशंटांची ओपीडी उपसतात आणि मग जीव उरला तर बेडसाइड क्लिनिक, म्हणजे खाटेपाशी शिकवणी, घेतात. पंधरावा मीच होतो.

आता दुसरी बाजू. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसचा (मधुमेहात रक्तात आम्ल साचून जिवावर बेततं तो) एक पेशंट मी वेबवर तीनदा मारलाय. पहिल्यांदा पोटॅशियम न बघता इन्सुलिन सुरू केलं. इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं, त्याचं आधीच ३.३ च्या खाली होतं, हृदयाची लय बिघडली, गेला. पुढच्या दोन्ही वेळा सलाइनमध्ये घोळ घातला. चौथ्यांदा वाचला. दोन महिन्यांनी पहाटे तीनला कॅज्युअल्टीत खरी मुलगी आली, १९ वर्षांची, तोंडाला फळासारखा वास, धापा टाकतेय. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पोटॅशियम पाठवलं का?" सिनिअरनं वळून बघितलं. हे मला कुठल्या खाटेपाशी शिकता आलं असतं? खाटेवरचा पेशंट तीनदा मरायला तयार नसतो.

आणि मुलं अ‍ॅपला चिकटून का बसतात ते बोलाच. नीट-पीजीत, म्हणजे पुढच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेत, २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबर आला तर ४ गुण, चुकला तर १ वजा. लिव्हर चाचपण्याला किती गुण? शून्य. इंटर्नशिपमध्ये ड्रेसिंग करताना खिशातल्या फोनवर क्यूबँक (सरावाच्या प्रश्नांचं अ‍ॅप) उघडी असते, माझीही असते. दोष परीक्षेचा आहे, तो तुम्ही लॅपटॉपच्या माथी मारताय.

चहाबिस्कीट

१८१६ मध्ये लाएनेक या फ्रेंच डॉक्टरनं कागदाची सुरळी करून छातीला लावली, तोच पहिला स्टेथोस्कोप. तेव्हाही कोणीतरी "आता डॉक्टरकी बुडाली" म्हणालंच असेल. चालायचंच.

गावडॉक्टर

@चहाबिस्कीट, हा दाखला येणार याची वाटच बघत होतो. लाएनेकनं कान छातीपासून वीतभर लांब नेला आणि त्यामुळे त्याला जास्त ऐकू आलं. इथे कानच काढून ठेवलाय.

@इंटर्न, पोटॅशियमचा मुद्दा पटला. आमच्या वेळी ते शिकताना कोणाचा तरी खरंच जीव गेला असणार, आणि आम्ही त्याला 'अनुभव' म्हणायचो.

निवृत्त_अ‍ॅनाटॉमीवाली

३१ वर्षं डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे मुलं मृतदेह कापून शरीर शिकतात तिथे, काढली, त्यामुळे चार शब्द जास्त होतील.

आधी पडद्याच्या बाजूनं. गर्भात आतडं २७० अंशांत फिरून पोटात परत येतं, हे शिकवायला मी पायजम्याची नाडी वापरायचे. बोटाभोवती गुंडाळून दाखवायची, पहिल्या दोन बाकांना दिसायचं, बाकीचे मान डोलवायचे. आता तेच चलचित्र मुलं स्वतः पुढेमागे सरकवून बघतात, हवं तिथे थांबवतात. दोन मिनिटांत डोक्यात जातं. माझी नाडी मी आनंदानं निवृत्त केली.

पण शरीररचनेचं सांगते. आज वेबवर फिरवता येणारी कितीतरी त्रिमित शरीरं ज्या सामग्रीवर उभी राहिली, ती अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची. १९९४ मध्ये त्यांनी एका पुरुषाच्या देहाचे एकेक मिलिमीटरचे १,८७१ छेद खुले केले. पुढच्याच वर्षी एका स्त्रीचे, तिसरा हिस्सा मिलिमीटरचे, पाच हजारांवर. तो पुरुष टेक्सासमधला फाशीचा कैदी, विषाच्या इंजेक्शननं मृत्युदंड दिलेला. त्याला अपेंडिक्स नव्हतं, आधीच काढलेलं होतं. गंमत बघा, साऱ्या जगानं ज्याला 'नमुना माणूस' म्हणून पाठ केलं त्याच्यात पहिल्या वर्षाचा सगळ्यात आवडता अवयवच नाही.

टेबलावरचा प्रत्येक देह वेगळा असतो. यकृताच्या उजव्या भागाला जाणारी धमनी पुस्तकात एका ठिकाणाहून निघते, आणि आमच्या टेबलावर एकदा ती आतड्याच्या मोठ्या धमनीतून निघालेली सापडली. टेबलावरच्या सगळ्या पोरांनी मला वेड्यात काढलं. त्यांतला एक आज यकृत-प्रत्यारोपण करतो, भेटला की तीच आठवण काढतो. पडद्यावर नस कापली तर मागे घेता येते. हॉलमध्ये कापली की गेली, आणि शेजारचे आठजण तुमच्याकडे बघत राहतात. ती लाज हाताला शिस्त लावते.

२०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी देहासमोर शपथ घेतात. आमच्याकडे एकदा देहदान केलेल्या आजोबांचा मुलगा त्या दिवशी येऊन मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला होता. काही बोलला नाही. त्या बॅचनं वर्षभर टेबलावर डबा ठेवला नाही, एवढं मी पाहिलं.

खुर्चीबहाद्दर

सगळे डॉक्टर आपसातच बोलताय, पेशंटकडून एक प्रतिसाद घ्या.

पुण्यात आयटीत आहे, वय ३८. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशननं २००५ मध्ये भारतीयांसाठी केलेला मधुमेहाचा धोकांक वेबवर भरून पाहिला. चारच गोष्टी लागतात आणि रक्त काढावं लागत नाही. वय ३५ ते ४९ म्हणून २०. कंबर ९४ सेंटिमीटर, पुरुषांत ९० ते ९९ ला १०. व्यायाम शून्य आणि काम खुर्चीत, ३०. आईला शुगर, १०. बेरीज ७०. साठ किंवा त्याच्या पुढे म्हणजे धोका जास्त. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्याआधी दोन वर्षं सर्दी-खोकल्याला ज्या डॉक्टरांकडे जात होतो त्यांनी माझी कंबर एकदाही मोजली नव्हती. मोजपट्टी माझ्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातली होती.

तुम्ही लिव्हर चाचपण्याचं सौंदर्य सांगताय ते छान आहे. आम्हाला मिळतात तीन मिनिटं, त्यातलं एक औषधाच्या चिठ्ठीत जातं.

गावडॉक्टर

@खुर्चीबहाद्दर, कंबर न मोजणाऱ्यांत मीही आलो, कबूल. पण वेबवर बीएमआयही, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, काढला असेल ना? किती आला?

खुर्चीबहाद्दर

२४.२. हिरव्या रंगात 'नॉर्मल' लिहून आलं.

गावडॉक्टर

बघा. ती साइट गोऱ्यांच्या मापानं चालते, त्यांची रेघ २५ ला. आपल्याकडे २३ लाच वजन जास्त धरतात, कारण आपलं पोट आधी सुटतं आणि हातपाय काडीसारखे राहतात. एका साइटनं तुम्हाला उठवलं, दुसरीनं थोपटून झोपवलं. कुठलं माप कोणासाठी शिवलंय हे तुम्हाला कोण सांगणार?

आणि लक्षणं भरली की आजार सांगणाऱ्या साइट्सचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा २३ साधनांची परीक्षा छापून आली. खरं निदान यादीत पहिल्या नंबरवर आलं ते ३४ टक्के वेळा. घरी थांबावं की दवाखाना गाठावा हा सल्ला बरोबर निघाला ५७ टक्के.

खुर्चीबहाद्दर

त्याच अभ्यासात तातडीच्या केसेसमध्ये सल्ला ८० टक्के बरोबर होता, तेही सांगा की. आणि चुका बहुतेक जास्त घाबरवण्याच्या बाजूनं होत्या. रात्री अकरा वाजता ज्याच्याकडे विचारायला कोणी नाही त्याच्यासाठी ते वाईट आहे का?

गावडॉक्टर

वाईट नाही. पण घाबरलेली माणसं सकाळी माझ्याकडेच येतात, सोबत चार पानांची प्रिंटआउट घेऊन. मग तीन मिनिटांतली दोन ती भीती उतरवण्यात जातात. मग कंबर कधी मोजायची?

सातपुड्यातली_सीएचओ

बराच वेळ नुसती वाचत होते, आता राहवेना.

नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे, बीएएमएस. आमच्याकडे ई-संजीवनीवरून वरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सोय आहे. पेशंट माझ्यासमोर, डॉक्टर पडद्यात. गावडॉक्टर म्हणतात तसं 'कान काढून ठेवला' असं इथं होत नाही. पडद्यातले डॉक्टर मलाच विचारतात, "लिव्हर लागतंय का? कड मऊ की कडक?" तेव्हा हात माझा असतो. मी चुकीचं सांगितलं तर ते चुकीचं औषध लिहून देणार. या नोकरीला लागल्यापासून मी जेवढी पोटं तपासली तेवढी कॉलेजात तपासली नव्हती, कारण आता कोणीतरी विचारतं.

मागच्या पावसाळ्यात आठ महिन्यांचं बाळ आलं, खोकला-ताप. डॉक्टर म्हणाले कॅमेरा छातीवर धरा, श्वास मोजतो. रेंज एवढीशी, चित्र थांबत थांबत येत होतं. तिकडे त्यांना ३० दिसले. मी कुंची बाजूला केली, बाळ आईच्या मांडीवरच ठेवलं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजले, ५६. दोन ते बारा महिन्यांच्या बाळाला ५० किंवा त्याच्या वर म्हणजे न्यूमोनिया धरायचा. त्यांनी लगेच माझा आकडा धरला आणि डोस सांगितला. आईला पावरीतून समजावलं ते मीच, डॉक्टरांना ती भाषा येत नाही. चौथ्या दिवशी बाळ हसत आलं.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं की गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी आकडेही नीट न येणाऱ्या बायकांसाठी मण्यांचं श्वास-मोजणी यंत्र केलं होतं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वीज नको, नेट नको. तेही साधनच की. ते बाईला बाळाकडे बघायला लावायचं, म्हणून चाललं. मी कुठलीही नवी वेबसाइट आता याच कसोटीवर घासून बघते. आमच्या पोषणाच्या एका पोर्टलवर नोंद करताना मान खालीच राहते, बाळ रडायला लागलं तरी कळत नाही.

रात्रपाळी_इंटर्न

ताई, हे भारी. "आता कोणीतरी विचारतं" हे आमच्या वॉर्डात कोणी करत नाही. व्हर्च्युअल पेशंटमध्येही 'दोन बोटे लागते' असं आयतं न देता आधी "तुला काय लागलं?" असं विचारून सरांकडून ताडून घेता आलं, तर पंधरावासुद्धा हात लावेल. पण खरं पोट लागेलच, ते कुठून आणायचं हा प्रश्न उरतोच.

निवृत्त_अ‍ॅनाटॉमीवाली

@इंटर्न, क्यूबँक खिशात ठेवून ड्रेसिंग करत जाऊ नकोस रे. हातमोजे घातलेल्या हातानं फोनला लावतोस ना बोट? उगाच विचारलं.

रात्रपाळी_इंटर्न

उत्तर राखून ठेवतो.

गावडॉक्टर

भाचीला हा धागा दाखवला. ती सीएचओताईंच्या बाजूची निघाली, माझ्या नाही. असो. येत्या रविवारी ती इथे दवाखान्यात येतेय. माझा एक जुना पेशंट आहे, सिरोसिसचा (लिव्हर कडक होत जाण्याचा आजार), लिव्हरची कड सुरीसारखी लागते. त्याच्यावर तिला बसवणार आहे.

खुर्चीबहाद्दर

पेशंटला विचारलंत का?

गावडॉक्टर

विचारलं. म्हणाला, "डॉक्टर, पोरीला सांगा, हात गरम करून ये."