साहसपटांतला आणि राइडमधला भारत : आक्षेप नेमका कशाला घ्यावा?

गंगापूररोडकर (मूळ धागा)

गेल्या डिसेंबरात माझी दहा वर्षांची पुतणी कॅलिफोर्नियाहून आली होती, तेव्हा तिला आमच्या नाशिकची पांडवलेणी दाखवायला नेले. पायऱ्या चढताना ती दोनदा बसली आणि दोनदा खाऊ मागून झाला, मात्र १० व्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर कोरलेला ब्राह्मी लेख दिसताच तिने आवाज खाली आणून विचारले, "काका, ह्यात शाप लिहिलाय का?"

प्रश्नाचे मूळ घरी आल्यावर कळले. अनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये १९९५ पासून हॉलिवूडच्या साहसपट-मालिकेचा नायक इंडियाना जोन्स याच्या नावाची एक राइड आहे. काळ १९३५ चा, स्थळ भारतातल्या कुठल्याशा हरवलेल्या त्रिभुज प्रदेशातले, आणि देवळातला देव म्हणजे ‘मारा’. जीपसारख्या गाडीत बसून आत शिरायचे आणि देवाच्या डोळ्यांत पाहायचे नाही. कोणीतरी पाहतेच, मग आग, साप, किडे आणि शेवटी अंगावर घरंगळत येणारा धोंडा. रांगेत उभे असताना भिंतींवर जी गूढ लिपी दिसते ती भारतातली कोणतीच लिपी नाही. इंग्रजी अक्षरांनाच वेडेवाकडे वळण देऊन ती तयार केलेली आहे, त्यामुळे तिथले मूल थोड्या खटपटीने ती वाचू शकते. बौद्ध परंपरेत बुद्धाला मोहात पाडू पाहणारा जो मार, त्याला इथे थेट गाभाऱ्यात बसवले आहे, ही करामत निराळीच.

आता आपल्या भिंतीवर काय आहे ते पाहा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. २,००० कार्षापण दरमहा दरशेकडा एक या व्याजाने आणि १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या २,००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, असे स्पष्ट लिहिलेले आहे. हिशेब करून पाहिला तर वर्षाचे व्याज २४० होते आणि वाटपही २४० होते.

परदेशी साहसपटांनी आणि राइडवाल्यांनी आपल्याला भयानक दाखवल्याचे मला फारसे वाईट वाटत नाही, कारण भीती वाटावी म्हणूनच लोक पैसे मोजतात. भारतातल्या दगडावरचे अक्षर हे वाचण्यासाठी नसून घाबरण्यासाठी असते, हा जो समज माझ्या पुतणीपर्यंत पोहोचला, त्याला माझा आक्षेप आहे.

सिडकोवासी

आपले लेण्यांविषयीचे प्रेम मान्य आहे, परंतु आक्षेप पटला नाही. तीन-चार मिनिटांच्या राइडमध्ये इतिहास शोधणे म्हणजे भेळेच्या कागदावर संपादकीय शोधणे. याच मालिकेच्या १९८१ च्या पहिल्या चित्रपटात इजिप्तची आणि बायबलमधल्या पवित्र पेटीची हीच गत झालेली आहे. आपल्यासाठी वेगळा न्याय कोणी लावलेला नाही.

१९८४ च्या ‘टेंपल ऑफ डूम’वर आपल्याकडे आजही राग आहे तो मुख्यतः मेजवानीच्या प्रसंगामुळे. जिवंत सापांनी भरलेला अजगर, डोळ्यांचे सूप, माकडाचा थंडगार मेंदू! हा प्रसंग इतका उघड उघड वात्रट आहे की तो खरा मानणाऱ्याला कोणताही माहितीपट सुधारू शकणार नाही. शिवाय आपण काय केले तेही पाहावे. आपल्या सरकारला पटकथा खटकली, चित्रीकरणाचे सूत जुळले नाही आणि मंडळी श्रीलंकेत कँडीजवळ गेली. परिणाम असा की पडद्यावरच्या भारतीय खेड्यातली माणसे सिंहली बोलतात. दार बंद केल्याने चित्रपट थांबला नाही. त्यातला जो काही थोडा खरा भारत राहिला असता, तेवढाच काय तो गेला.

कालिकेची लेक

सिडकोवासी, वात्रटपणा मेजवानीपुरता आहे हे ठीक, पण देवीच्या बाबतीत तो चित्रपट अजिबात हसत नाही. तिथे कालीचे नाव घेऊन माणसाचे काळीज हाताने उपटून काढतात आणि त्याच श्वासात अमरीश पुरी यांच्या तोंडी "काली माँ, शक्ती दे" असे शुद्ध, ओळखीचे शब्द आहेत.

मी मुंबई नाक्याजवळच्या कालिका मंदिराच्या परिसरात लहानाची मोठी झाले. नवरात्रातली यात्रा म्हणजे आमच्यासाठी रहाटपाळणे, मौत का कुआँ, आरशांची खोली आणि पहाटे आईबरोबर ओटी भरायला लावलेली रांग. पाळणा वरून खाली येताना पोटात जो खड्डा पडतो, त्या क्षणी आम्ही देवीचेच नाव घ्यायचो. राइड आणि काली यांचे माझे नाते असे आहे. तेच नाव पुढे वसतिगृहात, टीव्हीवर, काळीज उपटताना ऐकले आणि शेजारची मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्याकडची ना ही?" त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

दुसरी गोष्ट ठगांची, म्हणजे त्या चित्रपटातल्या खलनायकांची. त्यांच्याविषयी जे जगभर पसरले ते बहुतांशी १८३० च्या दशकात स्लीमन हा इंग्रज अधिकारी आणि त्याच्या खात्याने नोंदवलेल्या जबान्यांवरून. वाटमारी होती, खून होत होते, यात शंका नाही. पण त्यामागे कालीचा एक देशव्यापी संघटित पंथ होता का, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. चित्रपटाने कंपनी सरकारची बाजू तशीच्या तशी उचलली आणि शेवटी सुटका करायला कोण येते? गोऱ्या कॅप्टनच्या हुकमाखालची पूना रायफल्स. आपल्या पुण्याचे नाव एवढ्याच कामासाठी!

पेठचा मास्तर

तिन्ही मते वाचली. मी गेली बरीच वर्षे पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या शाळांत शिकवतो, म्हणून थोडे कडू लिहितो. हॉलिवूडने भारतीयांचे जे केले, तेच आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांनी आदिवासींचे केलेले आहे. पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, हातात भाले, मध्यभागी उकळती कढई आणि बांधून ठेवलेला नायक. कोकणा, वारली, महादेव कोळी यांपैकी कोणाशीही या ध्यानाचा संबंध नाही. त्यांची भाषा म्हणून जे ओरडले जाते ती भाषाही नाही. त्या राइडमधल्या लिपीवर रागावलेल्या नाशिककरांनी ‘झिंगालाला’वर हसताना आक्षेप घेतल्याचे मला आठवत नाही.

आमच्याकडे बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, असतो. संबळ वाजू लागला की मशालींच्या उजेडात एकेक सोंग निघते. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा जड मुखवटा दोन्ही हातांनी सावरत, ठरलेल्या पावलांनी सोंग पुढे येते आणि तसेच मागे सरते. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हेही ठरलेले असते. शहरातून आलेले पाहुणे मात्र जीभ बाहेर काढलेल्या मुखवट्याचा तेवढा फोटो काढतात आणि खाली ‘भयानक’ असे लिहितात. आमच्या चौथीतल्या एका मुलाचे वडील तो मुखवटा घालतात. तो फोटो फोनवर पाहून त्या मुलाने मला विचारले की भयानक कोण, बाबा की मुखवटा.

खोपोलीच्या आपल्या थीम पार्कमध्ये तरी काय आहे? अलीबाबा आणि चाळीस चोर, अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणींची गाडी. अरबस्तानातल्या एखाद्या शिक्षकाने यावर धागा काढला तर आपण त्याला हेच सांगू की बाबा, गंमत आहे.

सिडकोवासी

मास्तरांचा मुद्दा बिनतोड आहे. एक भर घालतो. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडममध्ये ‘आनंदपूर’ नावाचे काल्पनिक राज्य उभारलेले आहे. तिथे १९९९ पासून ‘काली रिव्हर रॅपिड्स’ ही पाण्यातली राइड आहे आणि तिचा विषय कोणताही शाप नसून बेकायदा जंगलतोड हा आहे. रंग उडालेल्या भिंती, हाताने रंगवलेल्या पाट्या, पडक्या राजवाड्याच्या आवारात वाघ, असे बरेच काम बारकाईने केलेले आहे. म्हणजे मंडळी शिकतात.

कालिकेची लेक

शिकतात, हे खरे. पण भारत, नेपाळ आणि आग्नेय आशिया एकाच सुपात पाखडून जे राज्य तयार होते, त्यात कोणालाच आपले गाव सापडत नाही. कदाचित म्हणूनच त्यावर कोणी रागावतही नाही. आणि भिंतीचा रंग उडालेलाच का हवा, हा प्रश्न उरतोच. आमच्या गल्लीत दिवाळीला रंग देतात.

गंगापूररोडकर

मास्तर, तुम्ही लिहिलेले मला लागले आणि ते लागायलाच हवे होते. मी स्वतः असल्या गाण्यांवर गणेशोत्सवात नाचलेलो आहे.

सिडकोवासी, तुम्ही पुढे नक्की विचाराल की दरमहा एक टक्का व्याजावर राइड बांधली तर तिला रांग कोण लावील. कोणी नाही, कबूल. पण खजिनाच हवा असेल तर तोही याच जिल्ह्यात आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाण्यांचा. ती नाणी नहपानाची, म्हणजे ज्याच्या जावयाने ती ठेव ठेवली त्याच सासऱ्याची. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि नाणी न वितळवता त्यांच्यावरच आपला ठसा मारला. साठ्यातली दोन तृतीयांशांहून अधिक नाणी अशी आहेत. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींची टेकडी उमटलेली असते आणि तिच्या कडेने जुन्या राजाचे नाक किंवा कपाळ अजून डोकावत असते.

हे सगळे मी पुतणीला पायऱ्या उतरताना सांगितले. २० गुणिले १२ तिने तोंडीच केले होते. खाली रिक्षापाशी आल्यावर तिने विचारले, "मग राजा हरल्यावर त्या विणकरांनी व्याज दिलं का?"