वखारीला आग लागल्यावर "आत किती माणसं?" हे सांगायचं कुणी?

वखारवाला_निपाणी

नमस्कार मंडळी. मी निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत सुपरवायझर आहे. मध्यंतरी रात्री आमच्या जवळच्याच एका वखारीला आग लागली. नाव घेत नाही, जीवितहानी झाली नाही, विषय मिटलाय. बोदांची, म्हणजे तंबाखू भरलेल्या मोठ्या गाठोड्यांची, थप्पी आतल्या आत धुमसत होती. ज्वाळा कमी, पण धूर असा की गेटापाशी उभं राहवेना. तंबाखूचा खाट ज्याच्या नाकातोंडात गेलाय त्याला वेगळं सांगायला नको.

पहिला बंब आला कर्नाटक अग्निशमनचा. त्यामागं एका साखर कारखान्याचा, आणि मग हद्दीपलीकडून महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेचा. पहिल्या बंबावरच्या साहेबांनी उतरल्या उतरल्या विचारलं, "आत किती जण?" वॉचमन म्हणाला, कुणी नाही. मुकादम म्हणाला, दोन हमाल रात्री आतच झोपतात. मालकाचा मुलगा फोनवर म्हणाला, विचारून सांगतो. मग दोन जवान पाठीला सिलिंडर आणि तोंडाला मास्क लावून आत गेले. ते दोन हमाल नंतर सापडले चहाच्या गाड्यापाशी, आगीचा व्हिडिओ काढत!

तेवढ्यात कारखान्याच्या बंबावरची पोरं मागच्या दारानं आत शिरली आणि गल्लीतली चार पोरं बोद ओढायला त्यांच्या मागं. त्या वेळेला आत नक्की किती माणसं होती, हे तिथं कुणाला तरी सांगता आलं असतं का? आणि तीन बंबांचा मिळून साहेब कोण?

आमचे मालक आता मागं लागलेत, आपल्याकडं काहीतरी व्यवस्था करून ठेव म्हणून. आग विझवायच्या नळकांड्या आहेत, वाळूच्या बादल्या आहेत. पण हे माणसं मोजायचं काम करतात कसं? जाणकारांनी सांगावं.

चिकोडीचा_पाव्हणा

साहेब कोण? जो मोठ्यानं ओरडेल तो. आमच्या गावात गवतगंजी पेटली की पन्नास साहेब असतात आणि पाण्याची मोटर चालू करायला एक पण नसतो.

जुना_बंबवाला_खानापूर

वखारवाले, प्रश्न चांगला विचारलात. मी अग्निशमनमधूनच निवृत्त झालोय, लीडिंग फायरमन म्हणून. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

साहेब कोण, तर पहिला बंब जागेवर पोहोचला की त्यावरचा वरिष्ठ माणूस त्या जागेचा कमांडर. मग तो ऑफिसर असो की माझ्यासारखा साधा लीडिंग फायरमन. त्यानं वायरलेसवर तसं बोलून टाकायचं आणि सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी बाहेर उभं राहायचं. मागनं मोठे साहेब आले म्हणून कमांड आपोआप त्यांच्याकडं जात नाही. समोरासमोर भेटायचं, काय पेटलंय, कुणाला कुठं लावलंय, आत कोण कोण आहे हे सांगायचं, आणि मग सोपवायची. या मधल्या वेळातच घोळ होतो, कारण दोघंही हुकूम देत असतात आणि पोरं दोघांचंही ऐकत असतात.

ही पद्धत कागदावर आली ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. १९७० साली तिथं जंगलं पेटली तेव्हा कुठकुठल्या खात्यांच्या गाड्या आल्या आणि कुणाचा कुणाला मेळ नव्हता. आपल्याकडं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० मध्ये त्याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात एक गोष्ट फार व्यवहाराची आहे: एका माणसाच्या हाताखाली थेट तीन ते सात, शक्यतो पाचच. त्याहून जास्त झाले की मधे कुणीतरी नेमायचा. तुमच्याकडं तीन बंब म्हणजे कमांडरनं तीनच माणसांशी बोलायचं, बंबावरच्या प्रत्येकाशी नव्हे.

आता मोजणी. बीए सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क, लावून धुरात जाणाऱ्या प्रत्येक जवानाकडं एक टॅली असते, म्हणजे बिल्ला. देवळाबाहेर चपला ठेवून बिल्ला घेतो ना, तसाच कारभार, फक्त उलटा: इथं बिल्ला दारात ठेवायचा आणि माणूस आत. त्यावर नाव, सिलिंडरमधला दाब, आत गेल्याची वेळ. दारात पाटी घेऊन एक जण उभा. त्यानं होजला, म्हणजे पाण्याच्या पाइपाला, हात लावायचा नाही, बोद ओढायचे नाहीत, कुणी पाणी मागितलं तरी हलायचं नाही. बाहेर आला की माणूस आपला बिल्ला स्वतः उचलतो. पाटीवर बिल्ला उरला म्हणजे माणूस आत उरला.

लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजारात जानेवारी १९५८ मध्ये तळघराला आग लागली, त्यात दोन जवान गेले. नुसत्या बोळांचं जाळं, धूर कोंडलेला, हवा संपत आलेली. त्यानंतर हे टॅलीचं काम तिकडं कडक झालं.

नुसती वेळ लिहून भागत नाही, हवेचा हिशेब मांडावा लागतो. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरला तर हवा १८०० लिटर. मिनिटाला ४० लिटर धरली तर ४५ मिनिटं. पण ५० बारच्या आसपास धोक्याची शिट्टी वाजते, ती राखीव हवा धरायचीच नाही. गेले ३०० लिटर. उरली ३७ मिनिटं. आणि ४० लिटर म्हणजे नेहमीच्या कामाला. बोदांच्या थप्पीतनं वाट काढत, काही दिसत नसताना, छातीत धडधडत असेल तर ६० सहज लागते, मग झाली २५. त्यातच परतीची वाटही आली. म्हणजे ११ वाजून १० मिनिटांनी आत गेलेला गडी ११.३५ च्या आत दारात दिसला पाहिजे. शिट्टी वाजल्यावर परत फिरायचं नसतं, शिट्टी वाजेल तेव्हा दारात असायचं असतं. हे पाटीवाल्यानं बघायचं. आतल्याला वेळेचं भान राहत नाही, कुणालाच राहत नाही.

आता तुमच्या त्या दोन हमालांकडं येतो, कारण मला सगळ्यात खुपलं ते तेच.

अमेरिकेत वूस्टर नावाचं गाव आहे. तिथं ३ डिसेंबर १९९९ ला एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजला आग लागली. १९०६ ची इमारत, सहा मजली, जाड विटांच्या भिंती, आतनं कॉर्कचं, म्हणजे बाटलीच्या बुचासारखं, अस्तर, वरच्या मजल्यांना खिडकी म्हणून नाही. आत एक बेघर जोडपं राहायचं, त्यांची मेणबत्ती कलंडली होती. आत माणसं आहेत असं कळल्यावर दोन जवान शोधायला वर गेले, धुरात वाट चुकले, वायरलेसवर हवा संपत आल्याचं ओरडले. त्यांना शोधायला आणखी चौघं गेले, तेही परतले नाहीत. मग माइक मॅक्नामी नावाचे डिस्ट्रिक्ट चीफ दारात आडवे उभे राहिले आणि आणखी कुणाला आत जाऊ दिलं नाही. बाहेर सगळे त्यांचेच गडी, आत आपले मित्र आहेत म्हणून झोंबाझोंबी करणारे. सहा जवान गेले. ते जोडपं आधीच बाहेर पडलं होतं, कुणाला न सांगता.

म्हणून म्हणतो, "आत किती माणसं?" याचं खरं उत्तर द्यायचं काम बंबवाल्याचं नाही, तुमचं आहे. तुम्ही गेटावर छातीठोकपणे "सगळे बाहेर, आत कुणी नाही" म्हणालात, तर साहेब बाहेरनंच पाणी मारतील. बोद जळतील, विमा आहे. "दोन हमाल असतात बहुतेक" म्हणालात, तर दोन पोरांना आत जावंच लागतं.

तुमच्याकडं दिवसा चाळणीवर, निवडायला बायका असतील. त्यांचं मस्टर कुठं असतं? ऑफिसात. ऑफिस कुठं? वखारीच्या आत! जळणाऱ्या इमारतीत हजेरीबुक ठेवून काय उपयोग? गेटाजवळ पत्र्याचा एक बोर्ड लावा, खिळे ठोका, नंबरचे बिल्ले टांगा. आत जाताना बिल्ला लाल बाजूला, बाहेर पडताना हिरव्या बाजूला. हमाल, ड्रायव्हर, दलाल, माल बघायला आलेला व्यापारी, सगळ्यांना तोच नियम. मालकाच्या मुलालापण.

नगरपालिका_बंब_गडहिंग्लज

काका, नमस्कार. तुमचं सगळं पटलं, पण हद्दीवरची एक अडचण आहे ती मांडतो. कर्नाटकात अग्निशमन हे राज्य सरकारचं खातं. आमच्याकडं महाराष्ट्रात बंब नगरपालिकेचा, एमआयडीसीचा वेगळा, साखर कारखान्याचा वेगळा. वायरलेस जुळत नाहीत. कागल किंवा गडहिंग्लजकडनं निपाणीला मदतीला गेलो की आम्ही कुणाचे, हे कुणालाच ठाऊक नसतं. नियम कुणी लिहून दिलेला नाही, पण आम्ही आमच्यापुरती रीत पाडलीय: गाडी थेट आगीजवळ न्यायची नाही. थोडी अलीकडं लावायची, एकानं चालत जाऊन कर्नाटकच्या साहेबांना भेटायचं आणि सांगायचं, "आम्ही इतके जण, पाणी इतकं, बीए सेट इतके, कुठं लावता?" ते सांगतील तिथंच, आणि त्यांच्याच पाटीवर आमची नावं. माणूस आमचा असला तरी त्या रात्रीपुरता त्यांचा.

कारखान्याचा बंब मागच्या दारानं शिरला ते वाचून अंगावर काटा आला. पुढनं एकजण पाणी मारतोय, त्याची गरम वाफ आणि धूर मागं ढकलला जातोय, आणि मागं माणसं आहेत हे त्याला माहीतच नाही. त्या पोरांचं नशीब.

आणखी एक बोलतो, राग नका मानू. आपल्या लोकांना साहेब बाहेर पाटी घेऊन उभा दिसला की तो भित्रा वाटतो. आत गेला की शूर. मुंबईत काळबादेवीला ९ मे २०१५ ला गोकुळ निवास ही आग लागलेली इमारत कोसळली, चार अधिकारी गेले, त्यात खुद्द प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर. त्यांच्याकडं बोट दाखवायची माझी लायकी नाही. पण गर्दीचं बघा, आम्ही बाहेर थांबलो तर "काय बघत बसलाय, पगार घेताय का नाही" म्हणून दगड मारायचे बाकी ठेवतात.

चिकोडीचा_पाव्हणा

गडहिंग्लजकर, गर्दीचं खरं हाय. पण काय करू, बंब येईपर्यंत पोरं हात बांधून बसतील होय? आमच्याकडं उसाला आग लागली तर फडात आधी आम्हीच शिरतो.

वखारवाला_निपाणी

काका, विम्याचं वाक्य मालकांना वाचून दाखवलं, गप्प झाले. बोर्डाचं पटलं. पण पाव्हण्यांनी विचारलंय तेच माझंही: ही गल्लीतली पोरं कुणाच्या हिशेबात धरायची? चांगल्या मनानं आलेली असतात, हाकलायचं कसं?

जुना_बंबवाला_खानापूर

हाकलायचं नाही, काम द्यायचं. पोरं मोकळी राहिली की आत शिरतात. बंबाला गल्लीत वाट करून द्या, लावलेल्या मोटारसायकली उचला, होजवरनं गाडी जाऊ देऊ नका, टँकर आणा, विहिरीवरची मोटर सुरू करा, विजेच्या लाइनमनला शोधून आणा. कमांडरचा अर्धा ताप तिथंच कमी होतो. पण उंबऱ्याच्या आत, ज्याचा बिल्ला नाही तो नाही. त्याला धूर लागून तो थप्पीमागं पडला तर शोधायला कुणी जाणारच नाही, कारण तो आत आहे हेच कुणाला ठाऊक नाही. पहाटे घरच्यांनी चौकशी केल्यावर कळायचं.

पाव्हणं, उसाचं म्हणाल तर मोकळं रान आहे, पळायला वाव असतो. तरी वारा पाठीशी घेऊनच, आणि दोघं दोघं. एकट्यानं फडात शिरायचं नाही. गवतगंजीवर आणि कारखान्याच्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगावर मात्र चढूच नका. वरनं राखेचा पापुद्रा घट्ट दिसतो आणि खाली पोकळ झालेलं असतं, निखारा भरलेला. पाय गेला की कमरेपर्यंत माणूस आत. तिथं बाहेरनं जेसीबीनं थर ओढून, पसरून, भिजवून विझवायचं. वेळ लागतो, लागू दे.

आणि मोजणी एकदा करून होत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी, आणि काही बिनसलं की लगेच, म्हणजे छप्पर खचलं, स्फोट झाला, माघारीची हाक दिली, की प्रत्येक तुकडीच्या म्होरक्याकडनं नावानिशी हजेरी. "आम्ही चारही ठीक" हे चालणार नाही, चार कोण ते सांग. घाईत माणूस शेजारच्या तुकडीतलं डोकं मोजतो. माघारीची खूण पण आधी ठरलेली पाहिजे. पंपाच्या आवाजात मराठी काय आणि कन्नड काय, काही ऐकू येत नाही. बंबाचा हॉर्न, ठरलेल्या ठेक्यात.

१४ एप्रिलला सगळी फायर स्टेशनं ज्या ६६ जवानांना मानवंदना देतात, ते १९४४ साली मुंबईच्या गोदीत पेटलेल्या जहाजाच्या स्फोटात मेले. फोर्ट स्टिकीन जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला. जहाज जागेवर बुडवायचं की गोदीबाहेर ओढायचं, यावर जो तो वेगळं सांगत होता. ठरवणारा एक माणूस पुढं आला नाही आणि तोवर जवान पाणी मारत राहिले.

वखारवाला_निपाणी

धन्यवाद काका. बोर्ड वेल्डरला सांगितलाय, बिल्ले पितळेचे करतोय. रात्री आत झोपणं बंद, हमालांना गेटाजवळची खोली दिलीय. काही राहिलं का?

जुना_बंबवाला_खानापूर

मागचं दार. त्याची किल्ली कुणाकडं असते?

वखारवाला_निपाणी

मालकांच्या घरी.

जुना_बंबवाला_खानापूर

मग बिल्ल्यांच्या आधी ते कुलूप काढा. आतनं ढकललं की उघडेल आणि बाहेरनं उघडणार नाही, अशी कडी बसवा. बाहेर पडायला दोन्ही दारं, आत यायला फक्त बोर्डाचं. मागनं बाहेर पडणाऱ्या बायकांना सांगून ठेवा, वळसा घालून गेटाशी यायचं आणि बिल्ला हलवायचा, परस्पर घरी जायचं नाही.